नाळेच्या रक्तातील कॉलन्या यंत्राने मोजताना : नवोदितांसाठी मार्गदर्शक

बाळंतपणानंतर नाळ आणि वार यांमध्ये उरलेले रक्त एके काळी सरसकट टाकून दिले जात असे. १९८८ मध्ये पॅरिस येथे एल्यान ग्लुकमन यांच्या चमूने फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्तनिर्मिती बिघडवणारा जन्मजात आजार असलेल्या एका मुलावर त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त वापरून पहिले प्रत्यारोपण केले आणि त्यानंतर काही वर्षांतच हे रक्त गोळा करणाऱ्या, तपासणाऱ्या व उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये साठवणाऱ्या पेढ्या उभ्या राहिल्या. साठवलेली पिशवी काही वर्षांनी एखाद्या रुग्णासाठी बाहेर काढण्याची वेळ येते, तेव्हा तिच्यातील मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात त्या पेशी, अजून कामाच्या आहेत का, हा प्रश्न डॉक्टर प्रयोगशाळेला विचारतात. या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या चाचण्यांपैकी सर्वांत वेळखाऊ आणि मोजणाऱ्याच्या नजरेवर सर्वाधिक अवलंबून असलेली चाचणी म्हणजे कॉलनी मोजण्याची चाचणी, जिला प्रयोगशाळेत सगळे सीएफयू (कॉलनी-फॉर्मिंग युनिट) म्हणतात.

बडोद्यात सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवतंत्रज्ञान शिकून रक्तपेढीत, नाळरक्तपेढीत अथवा एखाद्या संशोधन प्रयोगशाळेत नुकतेच रुजू झालेले आणि "हे मोजणे आता यंत्रावर न्यायचे आहे, जरा बघा" असे वरिष्ठांकडून ऐकलेले जे कोणी असतील, त्यांच्यासाठी हा लेख आहे. असे काम अंगावर आले की बहुतेक जण कॅमेऱ्याच्या किमती पाहू लागतात किंवा सॉफ्टवेअर उतरवून घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी मोजण्याचे नियम, मग डिश, मग प्रकाशचित्र आणि सर्वांत शेवटी सॉफ्टवेअर, असा क्रम ठेवला तर काम मार्गी लागते. सॉफ्टवेअरपासून सुरुवात केली तर प्रत्येक डिशसाठी नवी तडजोड करत बसावे लागते.

चाचणी नेमकी काय सांगते

पिशवी गोठवण्यापूर्वी केंद्रकयुक्त पेशींची एकूण संख्या, सीडी३४ हे मूलपेशींच्या पृष्ठभागावरचे चिन्ह असलेल्या पेशींची संख्या आणि जिवंत पेशींचे प्रमाण मोजले जाते. हे आकडे त्याच दिवशी मिळतात, पण त्यांतून पेशींची वाढण्याची क्षमता थेट दिसत नाही. सीएफयू चाचणीत पेशी मेथिलसेल्युलोज या घट्टसर माध्यमात मिसळून लहान, सपाट डिशमध्ये पसरवतात. त्या माध्यमात एरिथ्रोपोएटिन, इंटरल्युकिन-३, स्टेम सेल फॅक्टर यांसारखे वाढीचे घटक घातलेले असतात. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर आर्द्रता अशा वातावरणात साधारणपणे १४ दिवस ठेवल्यावर, जी पेशी वाढू शकते तिच्या भोवती तिच्याच संततीचा पुंजका, म्हणजेच कॉलनी, तयार होतो. माध्यम घट्ट असल्यामुळे पेशी इकडेतिकडे वाहून जात नाहीत, म्हणून एक कॉलनी म्हणजे मूळची एक पेशी असे धरता येते. लवकर निकाल हवा असल्यास ७ दिवसांची आवृत्तीही वापरली जाते, मात्र तीत कॉलन्यांचे प्रकार वेगळे करण्याची अपेक्षा ठेवू नये.

या चाचणीचा खरा कस गोठवलेल्या नमुन्यावर लागतो. पिशवीला जोडलेल्या नळीचा छोटा तुकडा, म्हणजे सेगमेंट, वितळवून त्यावर सीएफयू केली जाते आणि त्यावरून आख्ख्या पिशवीची स्थिती अजमावली जाते. सेगमेंटमध्ये रक्त अगदी थोडे असते. चाचणी बिघडली तर पुन्हा करायला माल उरत नाही, हे यंत्राची आखणी करतानाही लक्षात ठेवावे लागते.

पहिली पायरी : मोजायचे काय ते कागदावर आणा

अनुभवी तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून पाहताक्षणी "ही बीएफयू-ई, ही जीएम" असे सांगून मोकळे होतात. त्यांना नियम विचारले तर मात्र ते अडखळतात, कारण ते नियम डोळ्यांत मुरलेले असतात, शब्दांत नसतात. यंत्राला डोळ्यांतले काही कळत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे त्या तंत्रज्ञाशेजारी बसून प्रत्येक निर्णयामागचे कारण लिहून काढणे. हे काम कंटाळवाणे आहे, पण यातच निम्मे यश आहे.

तांबड्या पेशींच्या कॉलन्या हिमोग्लोबिनमुळे लालसर किंवा तपकिरी दिसतात. त्यांतील लहान, म्हणजे ८ ते २०० पेशींच्या कॉलनीला सीएफयू-ई म्हणतात. त्याहून मोठ्या आणि बहुधा अनेक पुंजक्यांनी बनलेल्या कॉलनीला बीएफयू-ई म्हणतात. सीएफयू-जीएम ही पांढऱ्या पेशींची कॉलनी रंगहीन असते, तिच्यातील पेशी सुट्या सुट्या दिसतात आणि कडेला विरळ होत जातात. सीएफयू-जेम ही मिश्र कॉलनी दुर्मीळ असते, पण तिच्यात दोन्ही प्रकार एकत्र असल्यामुळे वादही तिच्यावरूनच होतात. सीएफयू-जीएम किमान किती पेशींची असावी याबाबत कुठे २०, तर कुठे ४० असा निकष पाळला जातो. तुमच्या प्रयोगशाळेच्या लिखित कार्यपद्धतीत जो असेल तोच धरा आणि यंत्राला सोयीचा म्हणून तो परस्पर बदलू नका.

सर्वांत जास्त घोळ बीएफयू-ई करते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. डिशच्या मध्यभागी एकमेकांपासून अगदी थोड्या अंतरावर सहा लाल पुंजके आहेत, अशी कल्पना करा. माणूस फोकस वरखाली करून पाहतो. पुंजके साधारण एकाच पातळीवर, एकाच वयाचे आणि एका मध्याभोवती पसरलेले दिसले, तर तो त्यांची एक कॉलनी मोजतो. सॉफ्टवेअरला मात्र सहा वेगळे लाल ठिपके दिसतात आणि ते सहा कॉलन्या मोजते. अशा पाच-सात कॉलन्या एका डिशमध्ये असल्या, तर आकडा कुठल्या कुठे जातो. उलटपक्षी पुंजके जोडण्याचे अंतर जास्त ठेवले, तर शेजारशेजारच्या दोन खऱ्या कॉलन्या एक होतात. म्हणून "किती अंतरापर्यंतचे लाल पुंजके एका कॉलनीचे धरायचे" हा आकडा नियमावलीत मायक्रोमीटरमध्ये लिहिलेला असावा आणि तो तुमच्या जुन्या, माणसांनी मोजलेल्या डिशवरून ठरवलेला असावा.

नियम लिहून झाले की दोन तंत्रज्ञांना त्याच डिश एकमेकांना न विचारता मोजायला सांगा आणि एकालाच काही तासांनी त्याच डिश क्रम बदलून पुन्हा द्या. दोघांच्या आकड्यांत मोठा फरक आला, तर यंत्र कोणाशी ताडून पाहणार? हा वाद यंत्र येण्याआधी मिटलेला बरा. त्यासाठी वादाच्या कॉलन्यांची चित्रे छापून भिंतीवर लावण्याची पद्धत चांगली आहे.

दुसरी पायरी : डिश यंत्राला वाचता येईल अशी करा

वाईट डिशवरून चांगला आकडा कोणतेही सॉफ्टवेअर काढू शकत नाही. या पायरीवर वेळ घालवला की पुढच्या पायऱ्या सोप्या होतात.

पहिला प्रश्न पेशी किती टाकायच्या हा. कॉलन्या फार झाल्या तर त्या एकमेकींत मिसळतात आणि फार कमी झाल्या तर आकड्याला अर्थ राहत नाही. प्रचलित पद्धतीत पेशींचे मिश्रण हव्या असलेल्या प्रमाणाच्या दहापट तीव्र करून घेतात, त्यातील ०.३ मिलिलिटर भाग ३ मिलिलिटर माध्यमात मिसळतात आणि प्रत्येक डिशमध्ये १.१ मिलिलिटर टाकतात. एका डिशमध्ये २० हजार पेशी हव्या असतील, तर मिलिलिटरला २ लाख पेशी असे मिश्रण करा, त्याच्या ०.३ मिलिलिटरमध्ये ६० हजार पेशी येतात, एकूण आकारमान ३.३ मिलिलिटर होते आणि त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे २० हजार पेशी डिशमध्ये पडतात. हिशेबाने तीन डिश होतात, पण थोडे माध्यम नळीला आणि सुईला चिकटून राहते, म्हणून नीट भरलेल्या दोनच डिश धराव्यात. नवीन प्रकारचा नमुना असेल तेव्हा दोन वेगवेगळ्या प्रमाणांत पेशी टाकून ठेवणे शहाणपणाचे. निदान एका प्रमाणातील डिश तरी मोजण्याजोगी निघते.

केंद्रकयुक्त पेशी मोजतानाच एक खाचखळगा आहे. नाळेच्या रक्तात केंद्रक असलेल्या अपक्व तांबड्या पेशी असतात आणि काही पेशीगणक त्यांना पांढऱ्या पेशींतच धरतात. तसे झाले की डिशमध्ये पडलेल्या पेशींचा आकडाच चुकतो आणि पुढचे सगळे गुणाकार चुकतात. वितळवलेल्या नमुन्यात आणखी एक अडचण येते : मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेल्या डीएनएमुळे उरलेल्या पेशी चिकटून गुठळ्या होतात. अशी गुठळी डिशमध्ये गेली तर ती चौदाव्या दिवशी मोठ्या कॉलनीचा आव आणते. कार्यपद्धतीत परवानगी असेल तर डीएनेज हे डीएनए तोडणारे विकर वापरावे आणि गोठवताना पेशींच्या रक्षणासाठी घातलेले डीएमएसओ एकदम न धुता हळूहळू विरळ करावे. नमुन्यात तांबड्या पेशी फार उरल्या असतील तर डिशच्या तळाशी लालसर धुके दिसते, ज्यामुळे रंगावरून कॉलनी ओळखणारे सॉफ्टवेअर गोंधळते.

मेथिलसेल्युलोज साखरेच्या पाकासारखे चिकट असते, त्यामुळे ते पिपेटने मोजू नये; जाड, बोथट टोकाची १६ गेजची सुई लावलेली सिरिंज वापरावी. मिश्रण जोरात हलवल्यावर त्यात असंख्य बुडबुडे होतात. नळी उभी करून किमान पाच मिनिटे, आणि बुडबुडे दिसत असतील तर त्याहून अधिक वेळ, थांबावे. बुडबुडा चित्रात गोल, काळ्या कडेचा आणि आतून उजळ दिसतो आणि साध्या सॉफ्टवेअरला तो हमखास कॉलनी वाटतो. डिश किंचित कलती करून, गोल फिरवून माध्यम सगळीकडे सारखे पसरवावे. भिंतीलगत माध्यम वर चढते आणि कडेला गडद कडे दिसते. त्या कड्यातील कॉलन्या माणूस डिश सरकवून पाहू शकतो, यंत्राला ते जमत नाही. कड न चढणाऱ्या खास डिश मिळतात. त्या महाग असतात, पण नेहमीचे काम यंत्रावर न्यायचे असेल तर तिथे काटकसर करू नये.

इन्क्युबेटरमध्ये नमुन्याच्या डिश झाकणाच्या मोठ्या डिशमध्ये ठेवून शेजारी निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्याची एक उघडी डिश ठेवावी, नाहीतर चौदा दिवसांत माध्यम सुकते, कॉलन्या चपट्या होतात आणि पार्श्वभूमीवर सुरकुत्या येतात. बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना दार वारंवार उघडल्यास आर्द्रता झपाट्याने खाली येते. पावसाळ्यात उलट बुरशीचे भय असते, म्हणून पाण्याचे तबक ठरलेल्या दिवशी बदललेच पाहिजे. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचे पाणी शहराच्या मोठ्या भागात शिरले होते, हे आठवून इन्क्युबेटर, त्याची पर्यायी वीजव्यवस्था आणि चित्रे साठवणारा संगणक तळमजल्यावर ठेवू नये.

दिनदर्शिकेचा विचार आधीच करावा. १४ दिवसांनी तोच वार येतो, म्हणजे शनिवारी लावलेली डिश शनिवारीच वाचावी लागते. ३१ डिसेंबरला लावलेल्या डिश उत्तरायणाच्या दिवशी तयार होतात आणि १ जानेवारीला लावलेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला. या दोन्ही दिवशी सारे बडोदे पतंग उडवायला गच्चीवर असते आणि प्रयोगशाळेत कुणी सापडणे कठीण. नवरात्रातही रात्रभर गरबा करून आलेल्या तंत्रज्ञाच्या डोळ्यांवर सकाळच्या मोजणीचा भार टाकू नये. यंत्राचा येथे एक सरळ फायदा आहे : डिशची चित्रे ठरलेल्या दिवशी घेऊन ठेवता येतात आणि मोजणी, तपासणी नंतर स्वस्थपणे करता येते.

तिसरी पायरी : चित्र नीट घ्या

दोन मार्ग आहेत. एक म्हणजे तयार उपकरण. कॅनडातील स्टेमसेल टेक्नॉलॉजीज या कंपनीचे स्टेमव्हिजन हे नाळेच्या रक्तासह रक्तनिर्मात्या पेशींच्या कॉलन्या मोजण्यासाठी बनवलेले उपकरण आहे; मात्र असे उपकरण त्याच कंपनीच्या माध्यमांना आणि डिशना धरून बेतलेले असते, त्यामुळे वापरातले माध्यम बदलायची तयारी असल्याशिवाय त्याची खरेदी करू नये. दुसरा मार्ग म्हणजे स्वतः जुळवणी करणे. शिकण्यासाठी आणि संशोधनासाठी हा मार्ग उत्तम आहे. रुग्णासाठीच्या अहवालाला मात्र तो तेव्हाच वापरावा, जेव्हा पुढील पडताळणी पूर्ण करण्याइतके मनुष्यबळ तुमच्याकडे असेल.

स्वतः जुळवणी करायची असेल तर बडोदे त्या दृष्टीने सोयीचे गाव आहे. मकरपुरा औद्योगिक वसाहतीत ॲक्रिलिक आणि धातूचे काम करणारे अनेक जण आहेत. प्रकाशबंद पेटी, डिश नेमकी एकाच जागी बसवणारा साचा आणि कॅमेऱ्याची उभी पट्टी एवढे त्यांच्याकडून करून घेता येते. प्रोग्रॅमिंगसाठी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेतील, म्हणजे ज्याला गावात अजूनही कलाभवन म्हणतात तेथील, एखाद्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून हे काम द्यावे. दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले ते याच कलाभवनात, तेव्हा प्रकाश आणि भिंग यांचा नाद त्या वास्तूला नवा नाही.

कॅमेरा किती मोठा हवा, याचा हिशेब साधा आहे. डिश ३५ मिलिमीटरची, म्हणजे चित्राची छोटी बाजू सुमारे ३६ मिलिमीटर धरू. कॅमेऱ्याच्या त्या बाजूला ४,००० पिक्सेल असतील, तर एक पिक्सेल म्हणजे ९ मायक्रोमीटर. रक्ताची अपक्व पेशी साधारण एवढीच असते. याचा अर्थ असा की एक मिलिमीटरची कॉलनी शंभराहून अधिक पिक्सेल व्यापते आणि स्पष्ट दिसते, पण तिच्यातील पेशी एकेक करून मोजता येत नाहीत. "२० पेशी" हा निकष मग क्षेत्रफळाच्या आणि गडदपणाच्या भाषेत मांडावा लागतो. लहान सीएफयू-ई वेगळ्या मोजायच्या असतील, तर डिशचे तुकड्यातुकड्याने अधिक वर्धनाचे चित्र घेऊन ते जोडण्यावाचून गत्यंतर नाही.

खोलीचा प्रश्न नवखे लोक विसरतात. १.१ मिलिलिटर माध्यम त्या डिशमध्ये एक मिलिमीटरहून थोडा जास्त उंचीचा थर करते आणि कॉलन्या त्या थरात वेगवेगळ्या पातळ्यांवर असतात. जास्त वर्धनाच्या भिंगाने एकाच पातळीवर फोकस केला, तर वरच्या कॉलन्या धूसर होऊन हरवतात. कमी वर्धनाचे आणि बऱ्यापैकी खोल फोकसचे भिंग घ्यावे किंवा दोन-तीन पातळ्यांवर चित्रे घेऊन ती एकत्र करावीत.

प्रकाश खालून, दुधी काचेतून, सगळीकडे सारखा यावा. सीएफयू-जीएम रंगहीन आणि जवळजवळ पारदर्शक असल्यामुळे सरळ प्रकाशात ती फिकट पडते. प्रकाश थोडा तिरका केला किंवा मागची बाजू काळी ठेवली की ती उठून दिसते. तांबड्या कॉलन्यांसाठी हिमोग्लोबिनचा गुणधर्म कामी येतो. ते ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर-जांभळा प्रकाश सर्वाधिक शोषते आणि ५४० व ५७७ नॅनोमीटरजवळ हिरवा-पिवळाही शोषते, मात्र लाल प्रकाश बहुतांशी जाऊ देते. म्हणून चित्राच्या निळ्या आणि हिरव्या भागांत जी कॉलनी गडद आहे, पण लाल भागात फिकट, ती तांबड्या पेशींची. त्यासाठी कॅमेऱ्याचे आपोआप रंग जुळवणारे आणि प्रकाश कमीजास्त करणारे सगळे पर्याय बंद ठेवावेत. ते चालू राहिले तर काल लाल दिसलेली कॉलनी आज तपकिरी दिसेल.

रोज काम सुरू करताना पेशी नसलेल्या, फक्त माध्यम घातलेल्या डिशचे एक चित्र घ्यावे. त्यावरून दिव्याची असमानता वजा करता येते आणि भिंगावर बसलेली धूळही उघडी पडते. शेजारी मिलिमीटरच्या खुणा असलेल्या काचेचेही एक चित्र असावे, म्हणजे कॅमेरा जरासा हलला तरी लगेच समजते. चित्रे टिफ स्वरूपात जतन करावीत. जेपेगमध्ये साठवताना बारीक तपशील आणि रंग दोन्ही बदलतात.

चौथी पायरी : सॉफ्टवेअर

फिजी या नावाने मिळणारी, इमेज-जे या चित्र-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती विनामूल्य आहे आणि पहिल्या प्रयत्नासाठी ती पुरेशी आहे. कामाचा क्रम साधारण असा : कोऱ्या डिशचे चित्र वापरून पार्श्वभूमी सपाट करा, डिशचे वर्तुळ निवडून कडेचे गडद कडे वगळा, रंगाचे भाग वेगळे करा, बारीक कण पुसले जावेत इतपत चित्र मऊ करा, मग किती गडदपणाच्या पुढे कॉलनी धरायची तो उंबरठा ठरवा. उंबरठा आपोआप ठरवण्याच्या पद्धतींत चित्रातील बिंदू गडद आणि फिकट अशा दोन गटांत विभागणारी ओत्सूची पद्धत सर्वपरिचित आहे, परंतु डिशमध्ये कॉलन्या अगदी थोड्या असतील किंवा मुळीच नसतील तेव्हा ती पार्श्वभूमीलाच दोन भागांत तोडते आणि रिकाम्या डिशमध्ये शेकडो "कॉलन्या" दाखवते. वितळवलेल्या नमुन्याची डिश रिकामी निघणे हाच तर सर्वांत महत्त्वाचा निकाल असतो. म्हणून उंबरठा कोऱ्या डिशच्या तुलनेत ठरलेल्या फरकावर बांधावा.

त्यानंतर चिकटलेल्या कॉलन्या वॉटरशेड या, जोडलेले आकार अरुंद जागी तोडणाऱ्या पद्धतीने सोडवता येतात, आणि येथेच बीएफयू-ई पुन्हा अडवते, कारण हीच पद्धत तिचे पुंजके तोडत सुटते. उपाय असा की रंगहीन आणि लाल कॉलन्यांचे काम वेगवेगळे करावे : रंगहीन कॉलन्या तोडाव्यात, तर लाल पुंजके पहिल्या पायरीत ठरवलेल्या अंतरानुसार जोडावेत. शेवटी क्षेत्रफळ आणि गोलपणा यांवरून कचरा वगळावा. धागे लांबट असतात म्हणून ते सहज बाजूला पडतात. बुडबुडे गोल असले तरी त्यांचा मध्य उजळ असतो.

एवढ्यावर भागत नसेल तरच उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्यांकडे (न्यूरल नेटवर्क) वळावे. २०१५ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे विकसित झालेले यू-नेट हे जाळे जैविक चित्रांतील आकार वेगळे करण्यासाठीच बनवले गेले आणि तुलनेने थोड्या चित्रांवरही ते शिकते. त्याला शिकवताना एक पथ्य काटेकोर पाळावे : एकाच पिशवीच्या डिश शिकवण्याच्या आणि परीक्षेच्या अशा दोन्ही गटांत विभागू नयेत. एक डिश शिकवणीत आणि तिची जुळी डिश परीक्षेत गेली, तर गुण उत्तम पडतात, पण नवीन पिशवी आली की यंत्र गांगरते. विभागणी पिशवीनुसार करावी, आणि शक्य असेल तर काही संपूर्ण महिन्यांचे काम परीक्षेसाठी राखून ठेवावे, म्हणजे माध्यमाची नवी खेप आल्यावर काय होते तेही कळते.

पाचवी पायरी : पडताळणी

कॉलन्यांची संख्या मुळातच नशिबावर थोडी अवलंबून असते. सरासरी ५० कॉलन्या अपेक्षित असतील, तर त्या संख्येचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ७, इतका चढउतार निव्वळ योगायोगाने होतो. टक्केवारीत तो १४ टक्के भरतो. २५ कॉलन्या असतील तर २० टक्के, १०० असतील तर १० टक्के. ही अनिश्चितता डिशमध्ये आहे, मोजणाऱ्यात नाही, म्हणून यंत्र आणले तरी ती कमी होत नाही. ती कमी करण्याचा मार्ग म्हणजे जास्त डिश लावणे. साहेबांना हे आधीच समजावून सांगा, नाहीतर "यंत्र घेऊनही दोन डिशचे आकडे वेगळे का?" हा प्रश्न दर आठवड्याला ऐकावा लागेल.

माणूस आणि यंत्र यांचे आकडे ताडताना केवळ सहसंबंध पाहू नये. माणसाने चार डिशमध्ये ४०, ६०, ८० आणि १०० कॉलन्या मोजल्या आणि यंत्राने ३२, ४८, ६४ आणि ८०, तर सहसंबंध अगदी पूर्ण, म्हणजे १ येतो, तरी यंत्र प्रत्येक वेळी पाचवा हिस्सा कमी मोजते आहे. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये सुचवलेली रीत येथे योग्य आहे : प्रत्येक डिशसाठी दोन आकड्यांमधील फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडावा. फरक शून्याभोवती पसरला आहे की एका बाजूला झुकला आहे, आणि कॉलन्या वाढल्या की तो वाढतो का, हे एका नजरेत दिसते. दाट डिशमध्ये यंत्राचा आकडा खाली येऊ लागला की कॉलन्या एकमेकींत मिसळत आहेत असे समजावे, आणि त्या संख्येच्या पुढची डिश यंत्राने मोजायची नाही असा नियम करावा.

याखेरीज एकच डिश साच्यात फिरवून पुन्हा पुन्हा चित्र घेऊन मोजावी. पेशी निम्म्या, पाव अशा कमी करत नेऊन कॉलन्याही त्याच प्रमाणात घटतात का ते पाहावे. आणि रिकाम्या डिश, बुरशी लागलेल्या डिश, सुकलेल्या डिश अशा मुद्दाम वाईट डिशही यंत्रापुढे ठेवाव्यात. किती फरक चालेल याची मर्यादा आकडे हाती येण्यापूर्वी लिहून त्यावर सही घ्यावी. आकडे पाहून मर्यादा ठरवली तर ती पडताळणी राहत नाही.

सहावी पायरी : रोजचे काम आणि नोंदी

भारतात नाळरक्तपेढीला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांनुसार परवाना लागतो, त्यामुळे चाचणीची पद्धत बदलणे हा प्रयोगशाळेचा घरगुती मामला नसतो. गुणवत्ता विभागाच्या संमतीने आणि बदलाच्या रीतसर नोंदीनेच यंत्र कामाला लावावे. प्रत्येक तुकडीबरोबर आधीपासून माहीत असलेल्या, एकाच खेपेतल्या गोठवलेल्या पेशींची एक नियंत्रण-डिश लावावी. तिचा आकडा नेहमीच्या पट्ट्याबाहेर गेला, तर दोष माध्यमात, इन्क्युबेटरमध्ये की कॅमेऱ्यात हे शोधेपर्यंत कोणताही अहवाल बाहेर जाऊ देऊ नये.

प्रत्येक चित्र माणसाने एकदा पाहिलेच पाहिजे. सॉफ्टवेअरने कॉलन्यांभोवती काढलेली वर्तुळे दाखवणारे चित्र पडद्यावर आणून बुडबुडा वगळणे किंवा सुटलेली कॉलनी जोडणे याला अर्धे मिनिट लागते. मात्र यंत्राचा मूळ आकडा, सुधारलेला आकडा, सुधारणा करणाऱ्याचे नाव आणि कारण हे चारही जपले जावेत. सुधारणा एकाच दिशेने आणि वारंवार होत असतील तर सॉफ्टवेअरची मांडणी तपासायची वेळ आली आहे.

अहवालातील हिशेब सोपा असला तरी चुका तेथेच होतात. प्रत्येकी २० हजार पेशींच्या दोन डिशमध्ये ४६ आणि ५४ कॉलन्या आल्या, तर सरासरी ५०, म्हणजे १ लाख पेशींमागे २५०. पिशवीत एकूण १०० कोटी केंद्रकयुक्त पेशी असतील, तर तिच्यात २५ लाख कॉलनी-निर्मात्या पेशी आहेत असे होते. हे गुणाकार हाताने न करता सॉफ्टवेअरकडून करून घ्यावेत, आणि डिशवरच्या बारकोडमध्ये पिशवीचा क्रमांक, तारीख व टाकलेल्या पेशींची संख्या जोडलेली असावी. आई किंवा बाळाचे नाव चित्राच्या फाइलला कधीही देऊ नये.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, नवा दिवा, नवे भिंग किंवा माध्यमाचा नवा पुरवठादार यांपैकी काहीही बदलले, तर नेहमीचे काम थांबवून आधी तुलना करावी. फक्त सॉफ्टवेअर बदलले असेल तर नव्या डिश लावण्याची गरज नाही. पडताळणीच्या वेळची मूळ टिफ चित्रे जुन्या क्रमाने नव्या आवृत्तीतून काढावीत आणि दोन्ही आवृत्त्यांचे आकडे डिशनिहाय शेजारी मांडावेत. दिवा किंवा भिंग बदलले असेल, तर मात्र चालू तुकडीच्या डिश जुन्या आणि नव्या अशा दोन्ही जुळवणींवर एकाच दिवशी टिपून ठेवाव्यात, आणि जुने सुटे भाग ती तुलना सही होऊन फाइलला लागेपर्यंत भंगारात देऊ नयेत.